पांढऱ्याचा तांबूस होतो तेव्हा

हौशी प्रॉपवाल्यांचं आवडतं काम म्हणजे सुदर्शन चक्र. सनबोर्डचं वर्तुळ कापायचं, कडेनं पिक्सेल एलईडीची स्ट्रिप फिरवायची, मागे एक छोटा कंट्रोलर आणि ५ व्होल्टचा सप्लाय बसवायचा. गणपतीच्या देखाव्यात मूर्तीमागे ते गरगरायला लागलं की समोरची पोरं हलत नाहीत. निळा, जांभळा, धावता ठिपका असे इफेक्ट चालू असेपर्यंत सगळं झकास असतं. सगळी स्ट्रिप एकदम पांढरी लावली की खरं रूप दिसतं. जिथून स्ट्रिप सुरू होते तिथे शुभ्र पांढरा, पुढे पिवळट, आणि शेवटाला चक्क तांबूस. सरळ लावलेल्या पट्टीत हा फरक डोळ्यावर येत नाही, कारण दोन टोकं एकमेकांपासून लांब असतात. चक्रात मात्र पहिला दिवा आणि शेवटचा दिवा मांडीला मांडी लावून बसतात, आणि सांध्यावर रंगाची रेघ उमटते.

अशा वेळी बहुतेकजण लॅपटॉप उघडतात आणि कोडमधले आकडे बदलायला बसतात. माझ्या मते हा वेळ फुकट जातो. आधी पाच मिनिटं नुसतं बघावं. रंग हळूहळू बदलत गेला आहे, एका ठिकाणापासून एकदम बदलला आहे, सगळीकडे सारखाच चुकला आहे, की फक्त उजेड मंद केल्यावर चुकतो, यावरून दोष कुठे आहे ते जवळजवळ कळतंच. वरच्या चक्रात तो हळूहळू बदलला आहे. म्हणजे कोडला हात लावायची गरज नाही. मामला तांब्याचा आहे.

त्यासाठी एका पिक्सेलच्या पोटात डोकवावं लागेल. बाजारात सर्रास मिळणारा डब्ल्यूएस२८१२बी हा वर्ल्डसेमी या चिनी कंपनीचा पिक्सेल ५ मिलिमीटर लांब-रुंद असतो. भिंगातून पाहिलं तर आत लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे तीन कण आणि त्यांच्या शेजारी एक इवलीशी काळी चिप दिसते. चिपपासून प्रत्येक कणापर्यंत केसाहून बारीक तार गेलेली असते. प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. हे तीन कण एका जातीचे नाहीत, आणि सगळी मेख इथेच आहे. लाल कण ज्या पदार्थाचा बनतो तो निराळा, निळ्या-हिरव्याचा निराळा. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ मध्येच पेटवून दाखवला. लख्ख निळ्यासाठी मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त, त्यामुळे तो बाहेर काढायला व्होल्टेजही जास्त लागतं. लाल साधारण २ व्होल्टवर भागवतो. हिरव्या-निळ्याला ३ व्होल्टच्या वर लागतात, आणि शिवाय चिपला करंट नीट सांभाळता यावा म्हणून त्याच्याही वर थोडी जागा लागते.

आता स्ट्रिपकडे कालव्यासारखं बघा. मुखाशी पाणी भरपूर, शेपटाकडे पोचेपर्यंत ओढ लागते. शेपटाकडच्या रानात ज्वारी तगते, ऊस वाळतो. लाल ही ज्वारी, निळा आणि हिरवा हा ऊस. व्होल्टेज ५ वरून साडेचार, चार, असं उतरत गेलं की आधी निळा मान टाकतो, मग हिरवा, आणि लाल मात्र काही झालंच नाही अशा थाटात जळत राहतो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळा दिसतो. हिरवाही गेला की तांबूस.

आकडे घालून बघू. चक्राचा व्यास ८० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे अडीच मीटर. मीटरला ६० दिव्यांची स्ट्रिप घेतली तर १५० पिक्सेल झाले. पूर्ण पांढऱ्याला दर पिक्सेलमागे ६० मिलिअँपिअर धरायची पद्धत आहे (नवे पिक्सेल बरेच कमी खातात, पण हिशेब जास्तीचाच करावा). म्हणजे ९ अँपिअर. सप्लाय चक्रापासून फक्त एक मीटरवर ठेवला आणि अर्ध्या एमएमची वायर वापरली, तर जाण्यायेण्याच्या दोन तारा मिळून सुमारे ०.०७ ओहम अडथळा होतो. ९ अँपिअर गुणिले ०.०७ म्हणजे ०.६ व्होल्टच्या वर. स्ट्रिपचा पहिला दिवा लागायच्या आधीच ५ चे ४.४ झाले! दीड एमएमची वायर घेतली असती तर हाच तोटा ०.२ च्या आसपास राहिला असता. पुढे स्ट्रिपच्या आतल्या तांब्याची पट्टी सुरू होते. साध्या स्ट्रिपमध्ये ती ३५ मायक्रॉन जाडीची, चांगल्या स्ट्रिपमध्ये ७० ची. स्वस्तातली स्ट्रिप आणि महागातली स्ट्रिप दुकानात लावून पाहिली तर सारख्याच दिसतात. फरक या न दिसणाऱ्या तांब्यात असतो, आणि तो पाच मीटर पांढरं लावल्यावरच कळतो.

निदान पक्कं करायची युक्ती सोपी आहे. पांढरा रंग तसाच ठेवून उजेड पाव करा. शेपटाकडचा तांबूसपणा गेला तर दोष व्होल्टेजचाच, कारण करंट पाव झाला की तांब्यातली घटही पाव होते. मग मल्टिमीटर घेऊन पुन्हा पूर्ण पांढरा लावा, स्ट्रिपच्या सुरुवातीच्या पॅडवर मोजा, शेवटच्या पॅडवर मोजा. दिवे पेटलेले असतानाच मोजायचं. दिवे बंद ठेवून मोजलं तर दोन्हीकडे ५ दाखवतो, आणि ‘व्होल्टेज तर बरोबर आहे’ म्हणत माणूस परत कोडकडे वळतो.

उपाय म्हणजे स्ट्रिपला एकापेक्षा जास्त ठिकाणी पाणी पाजणं. एका टोकाऐवजी दोन्ही टोकांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडलं तर सर्वांत लांबच्या दिव्याकडची घट निम्मी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती एक चतुर्थांश होते: अंतर निम्मं होतं आणि त्या अंतरातून वाहणारा करंटही निम्मा होतो, दोन्हीचा गुणाकार. चक्राला तर हा उपाय आयताच मिळतो, कारण दोन्ही टोकं एकाच जागी आलेली असतात. दोन छोट्या तारांचं काम. चक्राच्या बरोबर समोरच्या बाजूला, म्हणजे स्ट्रिपवरून सव्वा मीटरावर, आणखी एक जोडी दिली तर मूळ घटीचा सोळावा हिस्सा उरतो. त्यानंतर रंगाची रेघ शोधूनही सापडत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: जोडायचे ते दोन पॉवरचे पॅड. मधला डेटाचा पॅड शेवटाला मोकळाच सोडायचा, तो फिरवून पहिल्याला जोडायचा नाही.

दोन वेगळे सप्लाय वापरत असाल तर त्यांचे प्लस एकमेकांना जोडू नयेत. स्ट्रिपचा प्लस मध्ये कापून दोन तुकडे करावेत, ग्राउंड मात्र सगळ्यांचं एक असावं. काहीजण सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेजच वाढवतात. ५.१-५.२ पर्यंत ठीक, पण या पिक्सेलची मर्यादा ५.३ आहे, आणि मुखाशी बसलेल्या दिव्यांना ती आधी गाठते. शेपटाकडे पाणी पोचवायला मुखाशी पूर आणण्यासारखं ते होतं. आणि ५ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून बेफिकीर राहणाऱ्यांसाठी एक वाक्य: बारीक वायरीतून १० अँपिअर गेले तर ती तापून वितळते, आणि सनबोर्ड, कापड, कागद हे सगळं तिच्या शेजारीच असतं. प्लसच्या तारेत फ्यूज टाका.

प्रत्येक वेळी पूर्ण पांढऱ्याची गरज नसते हेही खरं. फास्टएलईडी ही डॅनिएल गार्सिया आणि मार्क क्रीग्समन यांची लायब्ररी, आणि ख्रिस्तियन श्विने याने सुरू केलेला डब्ल्यूएलईडी हा तयार प्रोग्रॅम, दोन्हींमध्ये करंटची मर्यादा घालून देता येते. सप्लाय ४ अँपिअरचा आहे असं सांगितलं की सॉफ्टवेअर दिव्यांचा हिशेब करून उजेड आपोआप कमी ठेवतं. देखाव्याच्या अंधाऱ्या मंडपात तेवढ्या उजेडात काही बिघडत नाही.

आता रंग हळूहळू नव्हे, एका जागेपासून एकदम बदलत असेल तर? पाच मीटरचं रीळ अखंड नसतं. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे कारखान्यात सोल्डर मारून जोडलेले असतात. स्ट्रिप वाकवताना ताण नेमका या सांध्यांवर येतो. सोल्डरला बारीक भेग पडली की तांब्याचा जोड अर्धवट टेकलेला राहतो, आणि सांध्याच्या अलीकडे पांढरा, पलीकडे पिवळा अशी स्पष्ट सीमा दिसते. सांध्यावर बोट दाबून बघावं. दाबल्यावर रंग सुधारला तर सोल्डरिंग आयर्न तापवायला घ्या. चक्रासारख्या वक्र कामात सांधा जिथे येतो तिथे वळण शक्यतो सौम्य ठेवावं. आणि स्ट्रिप सपाट बाजूवर आडवी वळवू नये, ती फक्त जाडीच्या दिशेनं वळते. (तिला जबरदस्तीनं आडवी वळवायला लावणारे हात प्रत्येक मंडळात एकतरी असतात.)

एका पिक्सेलपासून पुढे वेडेवाकडे रंग येत असतील तर मात्र प्रश्न डेटाचा. कंट्रोलर एकाच तारेवरून सगळ्या दिव्यांचे आदेश एकापाठोपाठ पाठवतो. प्रत्येक पिक्सेल पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले नव्यानं घासूनपुसून पुढच्याला देतो. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, म्हणजे एका पिक्सेलला ३० आणि आपल्या १५० दिव्यांच्या चक्राला साडेचार मिलिसेकंद. प्रत्येकजण संदेश ताजा करून देत असल्यानं अंतराबरोबर डेटा झिजत जात नाही. म्हणून जिथून गोंधळ सुरू होतो तिथला पहिला बिघडलेला दिवा, किंवा त्याच्या आधीचा शेवटचा धड दिवा, या दोघांपैकीच एक गुन्हेगार असतो. कात्री घेऊन तेवढाच पिक्सेल काढा आणि नवा बसवा. अख्खी स्ट्रिप फेकायची गरज नाही.

पहिल्याच दिव्यापासून लुकलुक, मध्येच चमकून जाणारा हिरवा ठिपका, हात जवळ नेला की बदलणारे रंग, हे सगळं ईएसपी३२ आणि ईएसपी८२६६ वापरणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. हे बोर्ड डेटा ३.३ व्होल्टचा देतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या पिक्सेलला ‘एक’ ओळखायला सप्लायच्या सत्तर टक्के, म्हणजे ३.५ लागतात. टेबलावर काम चालून जातं, मंडपात लांब वायर लावली की फसतं. ७४एएचसीटी१२५ ही चिप मध्ये टाकली की डेटा ५ व्होल्टचा होतो. सोबत डेटाच्या तारेत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर आणि स्ट्रिपच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत या तिन्ही वस्तू किरकोळीत मिळतात. आणि कंट्रोलरचा ग्राउंड स्ट्रिपच्या ग्राउंडला जोडलेला आहे ना, हे आधी बघा. तो नसेल तर वरचा कोणताच उपाय लागू पडत नाही.

सगळ्या दिव्यांचा रंग सारखाच चुकीचा असेल तर बातमी चांगली आहे: वायरिंग ठीक आहे, फक्त क्रम चुकला. डब्ल्यूएस२८१२बी हिरवा, लाल, निळा या क्रमानं आकडे वाचतो. मंडपाच्या सजावटीत वापरतात त्या डब्ल्यूएस२८११ च्या पिक्सेल बल्बच्या माळा सहसा लाल, हिरवा, निळा असा वाचतात. सेटिंग चुकलं तर लाल मागितल्यावर हिरवा येतो. पण तपासताना पांढरा किंवा पिवळा लावाल तर फसाल, कारण त्या दोन्ही रंगांत लाल आणि हिरवा सारखेच असतात आणि अदलाबदल झाली तरी चेहरा तोच राहतो. नुसता लाल लावून बघा.

याहून चमत्कारिक प्रकार चार रंगांच्या स्ट्रिपचा. एसके६८१२ च्या एका जातीत तिघांच्या जोडीला पांढरा कण वेगळा असतो आणि दर पिक्सेलला २४ ऐवजी ३२ बिट लागतात. कोड तीन रंगांचा आणि स्ट्रिप चार रंगांची असली की सगळीकडे लाल मागूनही पहिला दिवा लाल, दुसरा हिरवट पांढरा, तिसरा निळा, पुन्हा लाल, अशी माळ उमटते आणि शेवटचे पाव दिवे पेटतच नाहीत. बिघाड इतका शिस्तीत असेल तर हार्डवेअर निर्दोष समजावं. खराब जोड कधी तीन-तीनच्या तालावर चालत नाही.

भगव्याचं प्रकरण मात्र खुद्द कोडमधलं, आणि आपल्याकडे ते टाळताच येत नाही. संगणकावर भगवा म्हणून २५५, १५३, ५१ हे आकडे चांगले दिसतात. तेच स्ट्रिपला दिले की फिकट लिंबू-पिवळा येतो. स्क्रीन हे आकडे जसेच्या तसे उजेडात उतरवत नाही. मधल्या आकड्यांना वक्र नियमानं खाली दाबते, कारण आपल्या डोळ्याला मंद उजेडातले फरक जास्त जाणवतात. त्याला गॅमा म्हणतात. स्ट्रिप असलं काही करत नाही: १५३ म्हणजे साठ टक्के हिरवा, सरळ हिशेब. तोच भगवा २.२ च्या गॅमानं मोजला तर २५५, ८३, ७ होतो, आणि हे आकडे दिले की स्ट्रिपवर भगवा भगव्यासारखा दिसतो.

आता हाच रंग मंद करत न्या. उजेड २५५ पैकी १० वर आणला तर ८३ चे ३ उरतात आणि ७ चे शून्य: १०, ३, ०. आणखी मंद केलं, ५ वर आणलं, की ५, १, ०. भगवा म्हणून सुरू झालेला रंग विझता विझता लाल होतो. हळूहळू मालवणारा दिवा दाखवायचा असेल तर हे फार खटकतं. खालच्या टोकाला पायऱ्याच उरलेल्या नसल्यानं यावर सॉफ्टवेअरचा पूर्ण इलाज नाही. दिव्यावर गडद डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पडदा) घालून आकडे मोठे ठेवणं हा मला त्यातल्या त्यात बरा मार्ग वाटतो. एपीए१०२ जातीच्या पिक्सेलला उजेडासाठी वेगळ्या ३२ पायऱ्या असतात, तिथे हा त्रास कमी. पण त्याला डेटाबरोबर क्लॉकची तारही लागते आणि खिशालाही तो जड.

उन्हाळ्यात बंद नळीत स्ट्रिप घालून केलेल्या तलवारीचा पांढरा उलट निळसर होत गेलेला दिसतो. ते तापण्यामुळे. लाल कण उष्णतेनं निळ्या-हिरव्यापेक्षा जास्त मंदावतो. म्हणजे तांबूस दिसला तर व्होल्टेज, तापल्यावर निळसर दिसला तर उष्णता. आत अॅल्युमिनियमची पट्टी घाला किंवा उजेड उतरवा. लिथियम सेलवर चालणाऱ्या तलवारीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत साडेतीनच्या खाली जातो, त्यामुळे पहिल्या प्रवेशातला पांढरा तिसऱ्या प्रवेशात पिवळट होतो. अशा प्रॉपमध्ये पांढरा मुख्य रंग न ठेवता लाल किंवा केशरी ठेवणं शहाणपणाचं.

कधी कधी सगळं बरोबर असूनही दोन रिळांचे पांढरे जुळत नाहीत. कारखान्यात एलईडी रंग-उजेडाप्रमाणे गटांत निवडले जातात आणि स्वस्त स्ट्रिपमध्ये हे गट सरमिसळ होतात. एका कामाला लागणारी स्ट्रिप एकाच खेपेत, थोडी जास्तच घ्यावी. घेऊन झाली असेल तर दोन तुकडे दोन वेगळ्या पिनांवर लावून प्रत्येकाला वेगळी दुरुस्ती द्यावी. फास्टएलईडीत स्ट्रिपसाठी तयार दुरुस्ती २५५, १७६, २४० अशी आहे. तिथून सुरू करून डोळ्यानं जुळवत जावं. डिफ्यूझर आणि दिवा यांच्यातलं अंतर दोन दिव्यांमधल्या अंतराइतकं तरी हवं, म्हणजे मीटरला ६० च्या स्ट्रिपसाठी सुमारे १७ मिलिमीटर. त्याहून जवळ बटरपेपर ठेवला तर ठिपके तर दिसतातच, शिवाय तीन कण एका जागी नसल्यानं प्रत्येक ठिपक्याच्या कडेला लाल-निळी झालर येते. ती पाहूनही लोक कोडच तपासतात.

रंग जुळवताना मोबाइलच्या फोटोवर विसंबू नये. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स दर फ्रेमला आपलं मत बदलतो, आणि हे पिक्सेल सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून उजेड कमी-जास्त करत असल्यानं व्हिडिओत आडवे पट्टेही येतात. चित्रीकरण करणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं तर शटर १/५० ला ठेवता येतं, पट्टे बरेच कमी होतात. आणि व्हाइट बॅलन्स एका जागी बांधून टाकला की मंडपात जुळवलेला भगवा चित्रफितीतही भगवाच उतरतो.